एकोणसाठ हजारांची लक्ष्मणरेषा

मुंबई शहरात राहणाऱ्या ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांहून एका रुपयाने अधिक असेल, त्यास सरकारी धान्याची गरज नाही, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून तो राज्यात लागू झाला. त्या वेळी शहरी भागासाठी ही मर्यादा ठरविण्यात आली आणि ग्रामीण भागासाठी ४४,००० रुपयांची. त्यानंतर दशक उलटून गेले. या अवधीत घरभाडे वाढले, बसभाडे वाढले, डाळ व तेल कोठल्या कोठे गेले, आमदारांची वेतने आणि निवृत्तिवेतनेही मागे राहिली नाहीत. हा एक आकडा मात्र ध्रुवताऱ्यासारखा अढळ राहिला.

त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. वर्षाचे ५९,००० म्हणजे महिन्याचे ४,९१६ रुपये. घरात पाच माणसे धरली, तर माणशी रोजचे ३२ रुपये पडतात. आमच्या वाचकांपैकी काहींना हा ३२ चा आकडा ओळखीचा वाटेल. २०११ साली त्या वेळच्या नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शपथेवर सांगितले होते की, शहरात दिवसाला ३२ रुपये खर्च करू शकणारा माणूस दारिद्र्यरेषेच्या वर आहे. तेव्हा केवढा गहजब झाला! वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले, व्यंगचित्रकारांना आठवडाभराचे खाद्य मिळाले, आयोगाच्या विद्वानांना बत्तीस रुपयांत एक दिवस काढून दाखविण्याची आव्हाने दिली गेली. पुढे तो आयोगच इतिहासजमा झाला. परंतु दिल्लीत ज्याची सर्वांनी यथेच्छ टवाळी केली, तोच आकडा मुंबईच्या शिधावाटप कार्यालयांत वार्षिक उत्पन्नाचा वेष घेऊन सुखाने नांदत राहिला आणि त्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नाही.

हा आकडा कोठून आला, हे समजून घेतल्याविना या प्रश्नाचे मर्म कळणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याने देशातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. ही देशाची सरासरी झाली. प्रत्येक राज्याचा वाटा निराळा ठरला व महाराष्ट्राच्या वाट्याला शहरी भागात ४५.३४ टक्के आणि ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आले. एकूण सुमारे सात कोटी माणसे. आधी माणसांची संख्या ठरली आणि मग त्या संख्येत मावतील एवढेच लोक गरीब ठरावेत अशा बेताने उत्पन्नाची मर्यादा आखली गेली. गरिबी मोजून धान्य ठरविण्याऐवजी धान्य मोजून गरिबी ठरविण्यात आली. शिंप्याने डोके पाहून टोपी शिवावयाची असते. येथे टोपी आधी शिवून झाली आणि मग डोकी तासण्यास आरंभ झाला.

यातून जी विसंगती उत्पन्न झाली ती सरकारच्या एकाही सचिवाच्या लक्षात आली नसेल, असे मानण्यास आम्ही तयार नाही. याच सरकारचे एक कामगार खाते आहे. ते खाते निरनिराळ्या धंद्यांतील किमान मजुरीचे दर ठरविते. मुंबईतील दुकाने व आस्थापनांतल्या अकुशल कामगारास त्या दराने महिन्याला दहा हजारांहून अधिक रुपये मिळावयास हवेत. म्हणजे वर्षाचे सव्वा लाखाच्या आसपास. याचा अर्थ असा की, ज्याला कायद्याने ठरविलेली किमान मजुरी मिळते असा या शहरातील एकही माणूस अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभास पात्र नाही. एका खात्याच्या दृष्टीने ज्याहून कमी दिले असता मालक गुन्हेगार ठरतो, ती रक्कम दुसऱ्या खात्याच्या दृष्टीने सुखवस्तूपणाची खूण ठरते! अर्जदारापुढे मार्ग दोनच उरतात. एक तर खरे उत्पन्न सांगून धान्यावर पाणी सोडावे, नाही तर खोटे हमीपत्र लिहून द्यावे. शहरातील लक्षावधी कुटुंबांनी दुसरा मार्ग पत्करला असेल, तर त्यांच्या नीतिमत्तेची चर्चा करण्यापूर्वी त्यांना खोटे बोलावयास लावणाऱ्या नियमाची चर्चा व्हावयास हवी. अपात्र शिधापत्रिका शोधून काढण्याच्या मोहिमा राज्यात वरचेवर निघतात. त्या निघाल्या की टांगती तलवार कोणाच्या डोक्यावर असते? ज्याने केवळ पोटासाठी एक आकडा खोटा लिहिला, त्याच्या.

गोवंडी-मानखुर्दचा भाग आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हार्बर मार्गावरील गाडीच्या खिडकीतून किंवा पूर्व मुक्त मार्गावरून जाताना पाहिला असेल. शहराचा कचरा जेथे टाकला गेला त्या देवनारच्या डोंगराच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या आहेत. महापालिकेच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात मुंबईच्या सर्व विभागांत हा एम-पूर्व विभाग तळाला होता. येथील पाच माणसांचे एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. पुरुष बिगारी काम करतो, पावसाळ्यात त्याचे निम्मे दिवस रिकामे जातात. बाई चेंबूरला चार घरची धुणी-भांडी करते. मुले दोन-तीन, एखादे गावाकडचे वृद्ध माणूस. या घराजवळ प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका असेल आणि तीत पाचही नावे असतील, तर त्यांना महिन्याला २५ किलो धान्य मिळते: माणशी पाच किलो, गहू आणि तांदूळ मिळून, सरकारी साठ्याप्रमाणे कधी एक अधिक, कधी दुसरे. रोजचे माणशी १६६ ग्रॅम. पाच-सहा पोळ्यांचे पीठ म्हणा, आणि मग भात नाही. अंगमेहनत करणाऱ्या घराला एवढे धान्य पंधरा-वीस दिवस पुरते. उरलेले दिवस वाणी आणि उधारीची वही.

तरीही त्या घरात महिन्याची पहिली चौकशी 'धान्य आले का?' हीच असते. कारण बाजारात जावे तर या २५ किलोंना आठशे ते हजार रुपये पडतात. आपल्याकडे एवढ्या रकमेत हॉटेलातील एक वेळचे जेवण होते. त्या घरात ती रक्कम मुलाच्या शिकवणीची फी असते, म्हाताऱ्याच्या दम्याच्या औषधाची किंमत असते, भाडे थकल्यावर मालकाच्या तोंडावर टाकावयाची रक्कम असते. सरकारी धान्यावर जगणे म्हणजे त्या धान्यावरच जगणे नव्हे. ते धान्य आहे म्हणून बाकीचा तुटपुंजा पैसा दुसऱ्या कोठे तरी पुरतो, असा त्याचा व्यवहारी अर्थ आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत मजुरी एका रात्रीत बंद झाली तेव्हा त्या वर्षीच्या एप्रिलपासून नेहमीच्या पाच किलोंवर माणशी आणखी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले. त्या दिवसांत कितीएक चुली पेटत्या राहिल्या त्या या धान्यावर, ही गोष्ट सरकारच्या कट्टर विरोधकांनीही मान्य केली आहे आणि आम्हीही करतो.

आता 'फुकट खाऊन लोक आळशी झाले' या आक्षेपाकडे वळू. आमच्या पत्रव्यवहारात आणि आगगाडीच्या पहिल्या वर्गात तो नित्य ऐकू येतो. २०२३ च्या जानेवारीपासून कायद्याखालील धान्य पूर्णपणे मोफत झाले व २०२४ च्या जानेवारीपासून पुढे पाच वर्षे ते तसेच देण्याचे केंद्र सरकारने ठरविले, तेव्हापासून या आक्षेपास अधिकच धार आली आहे. पण त्याआधी हे धान्य काय भावाने मिळत होते? तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो. आमच्या कल्पनेतील घराचे महिन्याला साठ-सत्तर रुपये वाचले, एवढाच काय तो फरक. तेवढ्याने माणूस बिगारी काम सोडून खाटेवर आडवा पडेल, हा तर्क करणाऱ्याने बिगारी माणूस जवळून पाहिलेला नसावा. १६६ ग्रॅम धान्यावर आळस पोसता येत नाही. मीठ, तेल, डाळ, भाजी, जळण, भाडे, वीज यांपैकी काहीही त्यातून येत नाही. आमच्या मते फुकट देण्यापेक्षा दोन-तीन रुपये घेणे अधिक चांगले होते. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे वजन माणूस ताठ मानेने तपासून घेतो. पण हा प्रश्न रीतीचा आहे आणि त्याच्या आडून धान्यच नको म्हणणाऱ्यांशी आमचे मुळीच जमणारे नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. चेंबूरच्या, मुलुंडच्या, पार्ल्याच्या ज्या घरांतून हा आक्षेप घेतला जातो, त्या घरांतील धुणे-भांडी करणारी बाई, खालचा पहारेकरी, सकाळी गाडी पुसणारा मुलगा, दारात वस्तू आणून देणारा तरुण हे सारे ज्या मजुरीवर काम करतात, त्या मजुरीत या शहरात कुटुंब चालत नाही. ते चालते, कारण गव्हाची गोणी सरकारने आधीच पोहोचविलेली असते. बाईला आपण महिन्याला जेवढे कमी देतो, त्याचा काही भाग सरकारी गोदामातून भरून निघतो. सरकारी मदतीवर तिचे घर अवलंबून आहे हे खरे. पण त्या अवलंबनाचा लाभ आपल्याही घरात पोहोचतो, हे ताळेबंदात कोठे तरी मांडावयास नको काय?

आणि मध्यमवर्गाला रेशनची रांग परकी होती असे थोडेच आहे? मुंबईत शिधावाटप सुरू झाले ते १९४३ साली. बंगालात माणसे रस्त्यावर मरत होती, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता आणि मुंबईसारख्या सर्वस्वी बाहेरच्या धान्यावर जगणाऱ्या शहराला उपासमारीतून वाचविण्याचा दुसरा उपाय नव्हता. गिरगावातील कारकून, परळचा गिरणी कामगार आणि मलबार हिलचा शेठ या तिघांच्याही घरी त्या वेळी एकाच धर्तीचे कार्ड आले. स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहाने नियंत्रणे उठली, भाव भडकताच ती १९४८ मध्ये परत आली, १९५४ मध्ये रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत पुन्हा उठली. मग १९५६ पासून अमेरिकेचा गहू येऊ लागला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारची रात्र उपाशी काढण्याचे आवाहन केले, तेव्हा दादर-गिरगावच्या चाळींतून कितीतरी घरांनी ते निष्ठेने पाळले. १९६६ मध्ये मुंबईवर पुन्हा कायद्याचे शिधावाटप आले. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या वाचकांस त्या काळची पिशवी, तांदळातील खडे निवडण्याची दुपार आणि ती लाल मिलो ज्वारी यांची आठवण करून द्यावयास नको. १९७२ च्या दुष्काळात ती मिलो आणि ती सुकडी साऱ्या महाराष्ट्राने खाल्ली. त्या वेळी सरकारी धान्य खाऊन आपले वडील आळशी झाले, असे आम्हांस कोणी कधी सांगितले नाही.

त्या रांगेला आवाज होता, हे विशेष. धान्य कुजके निघाले तर बँकेतील कारकून साहेबाला पत्र लिहीत असे. शिक्षिका वृत्तपत्राला लिहीत असे. साखर-तेल दिसेनासे झाले, तेव्हा १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या मागे लाटणी घेऊन निघालेल्या हजारो बायकांत झोपडपट्टीतील बाई जशी होती, तशीच गोरेगावच्या ब्लॉकमधील गृहिणीही होती. मंत्री त्या लाटण्याला भीत. दुकानदार भीत. शिधावाटप अधिकारी तर भीतच भीत.

१९९७ च्या जूनमध्ये केंद्राने लक्ष्यनिर्धारित वितरण पद्धती आणली व गरीब आणि बिगरगरीब अशी फाळणी केली. महाराष्ट्रात १९९९ पासून तिला रंगही मिळाले: वर्षाला १५,००० पर्यंत पिवळे कार्ड, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरे. कारण समजण्याजोगे होते. ज्याला गरज नाही त्याला कशास द्यावे? युक्तिवाद कागदावर निर्दोष दिसतो. परंतु पांढरे कार्ड घेऊन सुशिक्षित माणूस रांगेतून बाहेर पडला, तो जाताना रांगेचा आवाजही घेऊन गेला. तेव्हापासून दुकानात काय येते, केव्हा येते, किती तोळे कमी येते, याची वर्दी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पोहोचेनाशी झाली. आम्ही आमच्यापुरते कबूल करतो की, आमच्या स्तंभांतूनही या विषयाला अलीकडे जेवढी जागा मिळावयास हवी होती तेवढी मिळालेली नाही.

२०१४ नंतर आणखी एक वर्ग बाहेर पडला, आणि तो आपण होऊन नव्हे. ५९,००० ते एक लाख या दरम्यानची केशरी कार्डे कार्डे म्हणून राहिली. त्यांवरचे धान्य हळूहळू नाहीसे झाले. टाळेबंदी आली तेव्हा सरकारला या माणसांची आठवण झाली व २०२० च्या मे आणि जूनमध्ये त्यांना आठ रुपये किलोने गहू आणि बारा रुपये किलोने तांदूळ देण्यात आला. म्हणजे हे लोक गरजू आहेत हे सरकार जाणते. संकट आले म्हणजे जाणते आणि संकट सरले म्हणजे विसरते, एवढेच.

आजच्या घडीला शिधावाटप कार्यालयात सर्वांत अधिक ऐकू येणारा शब्द आहे 'इष्टांक'. इष्टांक म्हणजे त्या त्या विभागाला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या. नवे लग्न झाले, सुनेचे नाव घाला: इष्टांक शिल्लक नाही. मूल जन्मले, चार वर्षांचे झाले: इष्टांक शिल्लक नाही. नवरा वारला, विधवेचे स्वतंत्र कार्ड करा: थांबा, कोणी मेले वा गाव सोडून गेले की बघू. अर्ज पात्र ठरूनही धान्य मिळत नाही. याचे मूळ असे की, सात कोटींचा तो आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत, तीच धरावयाची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ साठी जाहीर झाली आहे, आणि तिचे आकडे छापून येऊन त्यांवरून नवे कोटे ठरण्यास आणखी किती काळ जाईल ते सांगण्यास ज्योतिषी हवा. २०११ नंतर जन्मलेले सर्वांत मोठे मूल आता कुमारवयात आले आहे. जाँ द्रेझ आणि रितिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्येच असा अंदाज मांडला होता की, केवळ जुन्या जनगणनेमुळे देशातील दहा कोटींहून अधिक माणसे या कायद्याबाहेर राहिली आहेत. स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना याविषयी पुनःपुन्हा टोचले. २०२३ च्या एप्रिलमध्ये ई-श्रम नोंदणी असूनही शिधापत्रिका नसलेल्या आठ कोटी मजुरांना त्या देण्यासाठी तीन महिन्यांची मुदतही घालून दिली.

बृहन्मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती आणि तीपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. अशा शहरात इष्टांकाची कात्री कोणाच्या मानेवर चालते, हे सांगावयास नको.

यंत्रांचीही एक गंमत आहे. दुकानात आता अंगठा लावल्यावाचून धान्य निघत नाही. यामुळे खोट्या नावांवर उचलल्या जाणाऱ्या धान्याला आळा बसला, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि परप्रांतातील वा परजिल्ह्यातील मजुराला आपल्या गावच्या कार्डावर मुंबईत धान्य मिळण्याची सोयही याच यंत्राने झाली. पण ज्या बाईची बोटे वीस वर्षे राख आणि साबण यांत झिजली, तिचा ठसा त्या काचेवर उमटत नाही. ती पुन्हा पुसते, पुन्हा लावते, मागची रांग चुळबुळते. मग दुकानदार सांगतो, उद्या या. उद्या सर्व्हर बंद असतो. धुणे-भांड्यांचे दोन खाडे झाले की दोन दिवसांची मजुरी गेली; पाच किलो 'मोफत' धान्याचे मोल तिने असे भरलेले असते. दुकानदारही सारेच चोर नाहीत. किलोमागे दीड-पावणेदोन रुपयांच्या मोबदल्यात जागा, मदतनीस, वीज आणि तूट सांभाळून मुंबईत दुकान चालवून दाखवा, असे तो म्हणतो तेव्हा त्याला उत्तर देणे कठीण जाते. चोरी होते, ती आम्ही झाकू इच्छित नाही. गोण्या परस्पर गिरणीकडे जातात हे सर्वश्रुत आहे. त्यासाठी दुकानदाराला जरूर तुरुंगात धाडावे. पण प्रामाणिक दुकानदाराला जगता येईल असा मोबदला आधी द्यावा.

काही घरे मिळालेला तांदूळ विकतात, अशी तक्रार आहे. विकतात हे खरे. सोलापूर-बीडकडून आलेल्या माणसाला भाकरी लागते, आणि दुकानात बहुतेक महिने गहू-तांदूळच येतो. घरात तेल नसते, डाळ नसते. दोन किलो तांदूळ देऊन तो अर्धा किलो डाळ आणतो. याला काळाबाजार म्हणावे की सरकारने न केलेले काम म्हणावे? २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल 'आनंदाचा शिधा' म्हणून दिले. लोकांनी ते आनंदाने नेले. तेव्हा डाळ-तेल देणे अशक्य नाही, हे सरकारनेच सिद्ध केले. फक्त त्यासाठी सण लागतो, पिशवी लागते आणि पिशवीवर नेत्यांची छायाचित्रे लागतात! वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्याच माणसाला डाळ का पचत नाही, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही. धान्याऐवजी रोख पैसे देण्याचाही एक प्रयोग झाला आहे. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ मध्ये माणशी महिना १५० रुपये देण्याचे ठरले. दीडशे रुपयांत बाजारात पाच किलो धान्य येते का, हे ठरविणाऱ्यांनी वाण्याकडे जाऊन पाहिलेले दिसत नाही.

उपाय अवघड नाहीत. केंद्राचा कोटा वाढेपर्यंत हात बांधलेले आहेत, हे राज्य सरकारचे पालुपद आम्हांस मान्य नाही. तामिळनाडूने गरीब-श्रीमंत हा भेद न करता आपली वितरण व्यवस्था सर्वांना खुली ठेवली आणि २०११ पासून तांदूळ मोफत दिला. छत्तीसगडने केंद्राचा कायदा होण्याच्या आधी, २०१२ मध्ये, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. दोन्ही राज्यांनी पदरचा पैसा घातला. देशातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आपली आहे, असे प्रत्येक अर्थसंकल्पी भाषणात सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे जमू नये काय? पहिली गोष्ट, शहरी उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी जोडावी. ज्या घरात एक माणूस किमान वेतनावर राबतो, ते घर नियमानेच पात्र ठरावे आणि वेतनाचा दर वाढला की मर्यादा आपोआप वाढावी. दुसरी, पात्र ठरूनही इष्टांकाअभावी अडकलेली नावे, विशेषतः २०११ नंतर जन्मलेली मुले आणि विधवा, राज्याच्या खर्चाने तत्काळ सामावून घ्यावीत. जनगणनेचे आकडे आले की हिशेब केंद्राकडे मागता येईल. अंगठा न उमटणाऱ्यांसाठी दुकानातच दुसरी सोय असावी, हे तर नियमांतही आहे; ते अमलात यावे. खर्चाचा आकडा मोठा होईल, यात शंका नाही. तो किती होईल हे सरकारने उघडपणे मांडावे, म्हणजे त्यावर बोलता येईल. आज तो आकडा कोणी मांडतही नाही, कारण किती अर्ज पडून आहेत हेच कोणी विचारीत नाही.

मुंबई शहर आणि उपनगरे मिळून ३६ आमदार विधानसभेत बसतात. शिधावाटप नियंत्रकांची कचेरी याच शहरात आहे, आणि तिच्या परिमंडळ कार्यालयांतून प्रत्येक मतदारसंघातील प्रलंबित अर्जांची नोंद मिळू शकते. येत्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक आमदाराने आपल्या विभागातील कार्यालयाकडे तीन आकडे मागावेत: इष्टांक नाही म्हणून अडलेले अर्ज किती, गेल्या वर्षात वगळलेली नावे किती, आणि अंगठा न जुळल्यामुळे धान्याविना परत गेलेली माणसे किती. ते आकडे त्यांनी सभागृहाच्या पटलावर ठेवावेत. ज्यांनी ठेवले आणि ज्यांनी ठेवले नाहीत, त्या दोघांचीही नावे आम्ही याच पृष्ठावर प्रसिद्ध करू.